गच्चीवर नाहीतर फार्महाऊसला डेक करायचाय? डब्ल्यूपीसी घ्यायचं की लाकूड, पायरी पायरीने बघू

डेक, म्हणजे फ्रेमवर फळ्या टाकून केलेली बसायची जागा, करायचा ठरला की पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो, डब्ल्यूपीसी (भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली फळी) टाकू की सागवान, आणि मग जो ज्या दुकानात जातो तिथला माणूस आपलाच माल कसा भारी ते अर्धा तास पटवतो. साईटवर मात्र वेगळंच दिसतं. डेक बिघडतो तो वरच्या फळीमुळे फार कमी वेळा, बहुतेक वेळा बिघडतो खालच्या गंजलेल्या फ्रेममुळे, नाहीतर पाणी अडकून राहिल्यामुळे, आणि नावं मात्र फळीला ठेवली जातात. म्हणून मी फळीपासून सुरुवात करणार नाहीये, आधी जागा, मग माल, मग फ्रेम, या क्रमाने चला. घाई असेल त्यांनी फ्रेमचा भाग तरी वाचाच.

पायरी 1: जागा नीट बघा

डेक कुठे होणार यावर निम्मा निर्णय तिथेच होतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे उघड्या गच्चीवर गडद रंगाचं डब्ल्यूपीसी टाकलं तर दुपारी चारलाही अनवाणी पाय ठेवता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5 हजार मिमीच्या वर पाऊस, तिथे उन्हाचा त्रास कमी पण चार महिने सगळं ओलं आणि शेवाळ. अलिबाग, गुहागर, वेंगुर्ला या पट्ट्यात पाऊस आहेच, वर खारी हवा, ती फळीला फारसं काही करत नाही पण स्क्रू आणि फळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिप खाऊन टाकते. पुण्यात त्यामानाने सगळंच बेताचं, म्हणून पुण्यातल्या मित्राचा डेक बघून कोकणात तसाच करायला जाऊ नका.

दुसरं बघायचं ते डेकच्या खाली काय आहे, स्लॅब की माती. दोन्हीचं काम पूर्ण वेगळं आहे.

स्लॅब असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. गच्चीत पाणी भरून निदान 48 तास ठेवा आणि खालच्या खोलीच्या छताला ओल येते का बघा. कोबा फुटलेला असेल, वाट्यातून (कठडा आणि गच्चीच्या सांध्यावरच्या गोलाईतून) पाणी मुरत असेल तर ते आधी दुरुस्त करा, कारण डेक झाल्यावर लिकेज शोधायचं म्हणजे सगळं उचकटायचं. वजनाचा प्रश्न लोक विचारतात तर त्याचं उत्तर असं की इमारतीवर किती भार धरायचा ते सांगणाऱ्या आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात, जिथे माणसांची ये-जा असते अशा गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरलेला असतो, आणि भरीव 25 मिमी डब्ल्यूपीसी चौरस मीटरला 30 किलोच्या आसपास बसतं, सागवान त्याच्या निम्मं, वर फ्रेमचे थोडे. म्हणजे डेकने स्लॅबला सहसा काही होत नाही. पण डेक झाला की लोकांना बाग सुचते, आणि फूटभर खोलीची ओली माती चौरस मीटरला 500 किलोच्या वर जाते! तेव्हा मोठे प्लँटर करायचे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको, आणि विचारून झालं तरी ते कडेला बीमच्या वर घ्या.

अजून दोन गोष्टी टेप लावून मोजा. डेक चार-पाच इंच वर येतो, तेवढी कठड्याची उंची कमी होते, घरात लहान मुलं असतील तर डेकवर उभं राहून निदान 1 मीटर कठडा उरतोय ना ते बघा. आणि गच्चीच्या दाराचा उंबरा. डेक उंबऱ्याच्या वर किंवा बरोबरीने आला तर जोराच्या पावसात पाणी सरळ घरात. सोसायटीची सामायिक गच्ची असेल तर परवानगीचं पत्र आधी हातात घ्या, यावर जास्त बोलत नाही, भांडणं सगळ्यांना माहितीयेत.

पायरी 2: डब्ल्यूपीसी म्हणजे नक्की काय मिळतंय ते समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. किचनच्या ट्रॉल्या आणि बाथरूमच्या दारांसाठी जी डब्ल्यूपीसी शीट मिळते, हलकी, फोमसारखी, ती पीव्हीसीवाली असते आणि तिचा डेकशी काहीही संबंध नाही. डेकची फळी वेगळी, त्यात लाकडाचा भुसा नाहीतर भाताचं तूस आणि एचडीपीई प्लास्टिक एकत्र करून मशीनमधून दाबून काढलेली असते. दुकानात नुसतं "डब्ल्यूपीसी द्या" म्हटलं आणि सुताराने उरलेल्या 18 मिमी शीटच्या पट्ट्या कापून बाल्कनीत ठोकल्या असं झालेलं बघितलंय, दुसऱ्या उन्हाळ्यात पट्ट्या वाकून वर आल्या होत्या.

डेकच्या फळीत परत दोन भेद बघा. एक पोकळ की भरीव. पोकळ स्वस्त आणि हलकी, पण कापलेल्या टोकातून पाणी आत जातं, आत मुंग्या घर करतात, आणि वरून जड कुंडी पडली तर फळी पिचकते. टोकांना कॅप लावणार असाल, डेकवर छप्पर असेल तर पोकळ चालते. उघड्यावर भरीवच घ्या. दुसरा भेद कोटिंगचा. साध्या फळीचा रंग पहिल्या काही महिन्यांत फिका पडतो आणि मग बऱ्यापैकी तिथेच थांबतो, तेलाचे नि हळदीचे डाग मात्र आत मुरतात. वरून प्लास्टिकचा थर चढवलेली जी येते, तिला कोएक्स्ट्रुजन नाहीतर कॅप्ड म्हणतात, तिच्यावर डाग पुसून निघतात, पैसे जास्त लागतात. घरात डेकवर जेवणाच्या पंगती बसणार असतील तर ती घ्या, नुसतं संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचं असेल तर साधीही पुरते.

डब्ल्यूपीसीला वाळवी सहसा लागत नाही, पॉलिश-तेल लागत नाही, कुसळ जात नाही, हे सगळं खरं आहे. जे कोणी सांगत नाही ते असं की हे लाकडापेक्षा जास्त तापतं, उन्हात लांबीत वाढतं, आणि आगीचं त्याला वावडं. दिवाळीत भुईनळा नाहीतर भुईचक्र डेकवर लावलं की फळी वितळून कायमचा खड्डा पडतो. लाकूडही जळतंच पण वरवर काळं झालेलं रंधा मारून किंवा घासून काढता येतं. कोळशाची शेगडी असेल तर तिच्याखाली शहाबादी फरशी ठेवा. समोरच्या बिल्डिंगला आरशासारख्या काचा असतील तर एका ठराविक वेळी ऊन परावर्तित होऊन डेकच्या एकाच पट्ट्यावर पडतं, तिथेही फळी मऊ पडून वाकू शकते.

पायरी 3: लाकूड घ्यायचं तर कुठलं

"सागवान" या एका शब्दाखाली बाजारात काय काय विकलं जातं ते बघून डोकं फिरतं. आपल्याकडचं नावाजलेलं ते बल्लारशा-चंद्रपूरकडचं, ज्याला व्यापारी सीपी टीक म्हणतात. बर्मा टीकचं नाव अजूनही घेतलं जातं पण म्यानमारने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे स्वस्तात बर्मा देतो म्हणणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा. बाकी घाना, नायजेरिया, इक्वाडोर, कोस्टा रिका असल्या देशांतून आलेलं लागवडीचं सागवान असतं, वाईटच असतं असं नाही, पण झाड लहान वयात तोडलेलं असेल तर त्यात गाभा कमी आणि कडेचा पांढुरका भाग जास्त.

आणि हा पांढुरका भागच सगळा खेळ आहे. वखारीत फळी उन्हात धरा, मधे सोनेरी-तपकिरी आणि एका कडेला दोन बोटं फिकट पट्टा दिसेल. टिकतो तो गाभा, त्यातल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फिकट पट्टा मात्र वाळवी नि किडा आरामात खातात, सागवानाचा असला तरी. पॉलिश केल्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, म्हणून रंग-पॉलिश न मारलेली फळी बघायची, पॉलिश केलेली घ्यायचीच नाही. वखारवाला "साहेब एवढं चालतं" म्हणेल. दाराच्या चौकटीत चालत असेल, डेकला नाही, तो भाग कापून मगच माप लावायला सांगा.

कोकणात जुन्या घरांना ऐन आणि किंजळ वापरलेलं असतं, मजबूत आणि जड, डेकला चालतं, फक्त सागवानापेक्षा जास्त हलतं म्हणजे ओलं-सुकं झालं की फुगतं, आकसतं, वेडंवाकडं होतं, तेव्हा नीट वाळवलेलंच हवं. मलेशियन साल म्हणून जे चौकटींना जातं ते एका झाडाचं लाकूड नसतं, दर गाडीला वेगळं निघू शकतं, डेकसाठी मी नाही म्हणेन. मरबाउ छान दिसतं, टिकतंही, पण पहिल्या पावसाळ्यात त्यातून तपकिरी पाणी गळतं आणि खालच्या पांढऱ्या टाइल्सवर डाग पडतात. थर्मोवुड म्हणजे 200 अंशांच्या वर भाजलेलं पाइन. ते कमी हलतं, सडत नाही लवकर, पण वाळवीला ते चालतं! जमिनीलगतच्या डेकला आपल्याकडे नको. साधं पाइन तर पॅकिंगच्या खोक्यांसाठीच.

एक चांगला मार्ग राहतो तो जुन्या वाड्यांच्या तुळया-कड्यांचा. पाडकामातलं सागवान पन्नास-शंभर वर्षं वाळलेलं असतं, हलायचं ते हलून झालेलं. अडचण एवढीच की आत खिळे असतात आणि कटाईवाले पात्याच्या भीतीने नाक मुरडतात, कापणीचे पैसे जास्त मागतात. मेटल डिटेक्टर फिरवून खिळे काढून दिले तर कोणीतरी तयार होतो.

पायरी 4: विकत घेण्याआधी नमुना घरी आणा

कॅटलॉग बघून ऑर्डर देऊ नका. डब्ल्यूपीसीचा फूटभर तुकडा मागा, कुठलाही धड विक्रेता देतो. त्याचं वजन करा, किचनचा काटा चालेल, मग एक दिवसभर बादलीत बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा. किंचित वाढलं तर ठीक, पण सहज लक्षात येण्याइतकं वाढलं किंवा कडा फुगल्या तर भुसा जास्त आणि प्लास्टिक कमी, सोडून द्या. मग तोच तुकडा वाळवून दुपारी दोन वाजता गच्चीवर तासभर ठेवा आणि त्यावर अनवाणी उभे राहा. शेजारी फिक्या रंगाचा तुकडा आणि सागवानाचा तुकडाही ठेवा. हा प्रयोग केल्यावर निम्म्या लोकांचा चॉकलेटी रंगाचा हट्ट आपोआप सुटतो, राखाडी नाहीतर फिक्या बदामी रंगावर येतात. किल्लीने ओरखडा काढून बघा, हळदीचं तेल सांडून दुसऱ्या दिवशी पुसा.

लाकडाला मॉइश्चर मीटर लावा. वखारीत नसेल तर चांगल्या सुताराकडे असतो. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास हवा, 20 दाखवलं तर ते लाकूड तुमच्या डेकवर येऊन वाळणार आणि तिथेच तडकणार.

पायरी 5: हिशोब

भाव इथे लिहीत नाही, गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. पण हिशोबाची पद्धत कळली की कोणी फसवू शकत नाही. डब्ल्यूपीसीच्या फळ्या बऱ्याचदा 140 मिमी रुंद आणि 2.9 मीटर म्हणजे साडेनऊ फूट लांब येतात. आता तुम्ही डेक 10 बाय 12 ठरवलात तर प्रत्येक ओळीत अर्ध्या फुटाचा तुकडा जोडावा लागणार, फळी वाया, जॉइंट जास्त, दिसायला बेकार. साडेनऊ बाय 12 केलात तर एक अख्खी फळी बसते. 12 फूट म्हणजे 3658 मिमी, फळी अधिक गॅप 145 धरा, 26 फळ्या लागतील, एवढा सोपा हिशोब आहे. तेव्हा आधी फळीची लांबी विचारा, मग डेकचं माप ठरवा.

खाली दर 300 मिमीला जॉइस्ट (फळ्या ज्यावर टेकतात तो आधाराचा पाइप किंवा पट्टी), म्हणजे 11 जॉइस्ट, प्रत्येकी 12 फूट, एकूण 132 रनिंग फूट. क्लिपा 25 फटींना 11 प्रमाणे 275, वर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगळ्या. कोटेशनमध्ये बऱ्याचदा नुसता फळीचा स्क्वेअर फुटाचा भाव असतो आणि जॉइस्ट, क्लिपा, कडेची पट्टी, मजुरी, वाहतूक सगळं "एक्स्ट्रा" निघतं, म्हणून हे आकडे समोर ठेवून सगळ्याचा मिळून भाव मागा.

सागवान घनफुटावर मिळतं. 114 स्क्वेअर फुटाला इंचभर जाड फळी म्हणजे 9.5 घनफूट, पण रंधा मारून इंच उरायला कच्ची फळी सव्वा इंचाची लागते, ते झाले जवळपास 12, त्यावर पांढरा भाग, गाठी, तुकडे याची 15 टक्के घट धरा, साधारण 14 घनफूट घ्यावं लागेल. त्यात सुताराची मजुरी आणि दरवर्षीचं तेल मिळवा, म्हणजे खरी तुलना होते.

पायरी 6: फ्रेम, इथे कंजूषी नको

लोखंडी बॉक्स पाइप आणि वरून रेड ऑक्साइडचा हात, हे सगळीकडे चालतं आणि तेच सगळ्यात आधी मरतं, कारण पाइप आतून गंजतो, तिथे ब्रश पोचत नाही. जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप घ्या, वेल्डिंग केलेल्या आणि कापलेल्या प्रत्येक जागी झिंकचा पेंट मारून घ्या, टोकं बंद करा. समुद्राजवळ असाल तर ॲल्युमिनियम. डब्ल्यूपीसीचेच जॉइस्ट मिळतात, ते पूर्ण टेकून ठेवायचे असतात, दोन आधारांमध्ये अधांतरी ठेवले तर झोळ येतो. वर लाख रुपयाचं सागवान आणि खाली वखारीतलं उरलंसुरलं पांढरं लाकूड, असले डेकही बघितलेत, वाळवी खालून वर येते एवढंच सांगतो.

गच्चीवर स्लॅबमध्ये ड्रिल करायचं नाही. जो मिस्त्री "चार फास्टनर मारतो, वरून केमिकल भरतो" म्हणेल त्याला थांबवा. उंची कमी-जास्त करता येणारे प्लास्टिकचे पेडेस्टल मिळतात, ते नुसते ठेवायचे, उताराप्रमाणे फिरवून लेव्हल काढायची, पाणी खालून मोकळं वाहतं. पेडेस्टल नको असतील तर जॉइस्ट पाण्याच्या उताराच्या दिशेनेच टाका, आडवे टाकले की प्रत्येक जॉइस्ट छोटा बंधारा होतो. पाण्याच्या जाळीवर दीड फुटाचा तुकडा सुटा ठेवा, हाताने उचलता येईल असा, पालापाचोळा काढायला.

जमिनीवर असेल तर मातीप्रमाणे वागा. घाटावर काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते, तिच्यावर नुसता ब्लॉक ठेवून पाइप उभा केला तर वर्षात डेकचा झोपाळा होतो, खाली मुरूम लागेपर्यंत खणून काँक्रीटचा पाया घ्या. कोकणात जांभा लागला तर काम सोपं. माती वरून खरवडून, वाळवीची ट्रीटमेंट करून, जाड प्लास्टिकची विणलेली शीट आणि वर खडी, म्हणजे गवत येत नाही. जमिनीपासून निदान फूटभर हवा खेळती ठेवा, आणि कडेने जाळी मारा, बंद लाकडी पट्टी नको, नाहीतर खाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

पायरी 7: फळ्या बसवताना

लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. डब्ल्यूपीसी उलटं, उन्हाने लांबीत वाढतं. थंडीतली पहाट ते मेची दुपार एवढ्या फरकात 2.9 मीटरची फळी 4-5 मिमी तरी वाढते. हे डोक्यात ठेवलं की गॅप पाठ करायची गरज नाही. डब्ल्यूपीसीला टोकाशी आणि भिंतीशी दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) गॅप हवाच, दोन फळ्या टोकाला टोक भिडतात तिथे प्रत्येक टोकाखाली स्वतंत्र जॉइस्ट द्या. कंपनीचा कागद जास्त सांगत असेल तर तो पाळा, कारण वॉरंटी मागायला गेलात की पहिली विचारणा गॅप आणि जॉइस्टच्या अंतराचीच होते. लाकडाला दोन फळ्यांमध्ये दीड ते दोन सूत. उन्हाळ्यात काम करताना सुताराला हा गॅप मोठा वाटतो, तो पावसाळ्यात बुजतो.

स्क्रू आणि क्लिप स्टेनलेस स्टीलचे. साधारण 304 ग्रेड, किनाऱ्यावर 316. बाजारात 202 ग्रेड 304 म्हणून खपवतात, चुंबक लावून हा फरक कळत नाही, दोन्ही चिकटत नाहीत, तेव्हा ग्रेड लिहिलेलं बिल घ्या. लाकडात आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू, टोकाजवळ तर नक्कीच. लोखंडी खिळा सागवानात किंवा ऐनात मारला की पहिल्या पावसात त्याभोवती काळा ओघळ येतो, तो घासूनही धड जात नाही.

लपवलेल्या क्लिपांचा डेक दिसतो सुंदर, पण मधली एक फळी बदलायची तर कडेपासून सगळ्या सोडवत यावं लागतं. वरून स्क्रू दिसले तरी चालतील असं वाटत असेल तर पुढचं आयुष्य सोपं जातं.

मग घ्यायचं काय?

माझं मत विचाराल तर, उघडी गच्ची, घरात कोणाला देखभालीला वेळ नाही, भाड्याने द्यायचा बंगला, अशा ठिकाणी फिक्या रंगाचं भरीव डब्ल्यूपीसी, डोळे झाकून. छपराखालची पडवी, बाल्कनी, जिथे रोज अनवाणी वावर आहे आणि पाऊस थेट मारत नाही, तिथे सागवान, त्या स्पर्शाला पर्याय नाही. पूर्ण उघड्यावर सागवान हवंच असेल तर दोन रस्ते आहेत, एकतर पावसाळ्याआधी आणि नंतर तेल लावत राहा, नाहीतर काहीच न लावता त्याला चंदेरी-करडं होऊ द्या. गाभ्याचं लाकूड असेल तर रंग गेल्याने मजबुती जात नाही. फक्त वॉर्निश नको, ते पापुद्र्याने सुटतं आणि मग खरवडत बसावं लागतं.

शेवाळ दोघांवरही येतं. डब्ल्यूपीसीला मेंटेनन्स नाही म्हणतात ते तेल-पॉलिशपुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन फळीच्या रेघांच्या दिशेने घासावंच लागतं, नाहीतर घसरून पडायला होतं, तारेचा ब्रश मात्र दोघांनाही नको. कुंड्या थेट फळीवर ठेवू नका, स्टँडवर ठेवा, खाली काळी वर्तुळं पडतात.

आणि ऑर्डर देताना त्याच बॅचच्या दोन-तीन फळ्या जास्तीच्या घ्या, दोन वर्षांनी तो शेड मिळेलच असं नाही. साधी डब्ल्यूपीसी असेल तर त्या माळ्यावर ठेवू नका, कुठेतरी उन्हातच सपाट ठेवा, म्हणजे बदलायची वेळ आली की रंग बाकीच्या डेकइतकाच उतरलेला असेल.